शनिवार, पान सुटेपर्यंत

पहाटे ५.३०

हेडफोन लावून बसले. आज रात्री ज्या गेमचं परीक्षण द्यायचं आहे, त्याचा रिव्ह्यू कोड बुधवारी संध्याकाळी हातात आला. गेम चाळीसेक तासांचा. एम्बार्गो सोमवारी सकाळी उठतो, तोवर एक शब्दही छापायचा नाही. आणि सोमवारचं आमचं पान शनिवारी रात्रीच लावून ठेवतात. या दोन टोकांच्या मध्ये जे तास सापडतील त्यांत खेळायचं, समजून घ्यायचं आणि लिहायचं. कोडबरोबर सूचनांचं एक लांब पत्र आहे: तिसऱ्या भागापुढची कथा सांगू नये, अमुक पात्राचं नाव घेऊ नये, व्हिडिओ दाखवायचाच असेल तर आम्ही पाठवलेलाच दाखवावा.

ही शेवटची अट वाचली की डिसेंबर २०२० आठवतो. सायबरपंक २०७७ बाजारात यायच्या तीन दिवस आधी त्याची परीक्षणं छापून आली. परीक्षकांना गेम फक्त पीसीवर खेळायला मिळाला होता, आणि सुरुवातीच्या परीक्षणांत स्वतः टिपलेली दृश्यं वापरायची परवानगी नव्हती. कंपनीने दिलेलीच वापरायची. भरभरून कौतुक झालं. मग १० डिसेंबरला लोकांनी आपापल्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर आणि एक्सबॉक्स वनवर गेम सुरू केला. माणसं हवेत तरंगत होती, चेहरे अर्धवट उमटत होते, गेम मध्येच बंद पडत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत आला पुढच्या जूनमध्ये. खोटं कुणी लिहिलं नव्हतं, असं मला आजही वाटतं. परीक्षकांनी जे पाहिलं ते लिहिलं. पण लाखो लोकांच्या हातात जे पडणार होतं ते त्यांना कुणी दाखवलंच नाही, आणि ‘हे आम्ही पाहिलेलं नाही’ ही ओळ ठळक अक्षरांत छापायला फार थोडे धजावले.

सव्वासातला हेडफोन काढले. चौथा भाग संपला. दुसऱ्या भागातला, एका पडक्या धरणावर चालत जायचा प्रसंग फार चांगला रचलाय. पाण्याचा आवाज आधी येतो, पाणी दिसतं बऱ्याच वेळाने. वहीत एवढंच लिहिलं आणि चहा टाकला.

सकाळी ८.१५

ताई गाडी चालवतेय, मी शेजारी, मागे तिची दोन मुलं. इमॅजिका या थीम पार्कला जायचं दिवाळीपासून ठरलेलं. पुण्याहून एक्स्प्रेसवेने बोरघाट उतरायचा, मग खोपोली–पाली रस्ता. डिसेंबरातला शनिवार, त्यामुळे लोणावळ्यापर्यंत गाड्यांची रांगच.

भाची चौदा वर्षांची. मागच्या सीटवर ती फोनवर रोलरकोस्टर टायकून खेळतेय. मूळ गेम १९९९ चा, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. ख्रिस सॉयर नावाच्या स्कॉटिश प्रोग्रॅमरने तो जवळजवळ सगळा एकट्याने लिहिला, आणि तोही असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा एकेक करून. म्हणून त्या काळच्या साध्या संगणकावरही हजारो पाहुणे एकाच वेळी बागेत हिंडू शकत. प्रत्येकाला भूक, तहान, मळमळ, खिशातले पैसे, सगळं वेगवेगळं.

खंडाळ्याच्या आसपास डेस्कवरच्या मुलाचा फोन. पानावर कोपरा रिकामा आहे, ‘सुट्टीत खेळा हे पाच गेम’ अशी यादी मिळेल का? दुपारपर्यंत. मी विचारलं, पाचही गेम मी खेळलेले असायला हवेत ना? तो मुलगा चांगला आहे, मेहनती आहे. म्हणाला, “मॅडम, ट्रेलर बघून चालेल, सगळेच तसं करतात.” मी यादी देणार नाही, एका गेमवर दीडशे शब्द देईन असं सांगितलं. तो विचारतो म्हणाला.

सगळेच तसं करतात हे खरं आहे, आणि माझी सगळ्यात जुनी तक्रार तीच आहे. गेम यायच्या आधी दोन वर्षं त्याच्याबद्दल लिहिलं जातं: पहिली झलक, दुसरी झलक, तारीख जाहीर, तारीख पुढे गेली, नकाशा किती मोठा, किंमत किती. गेम आल्यावर एक दिवस परीक्षण. त्यानंतर, म्हणजे लोक खरोखर खेळत असतात तेव्हा, सामसूम. लॉस एंजेलिसचा ई३ मेळा १९९५ पासून या आधीच्या गाजावाजावरच उभा होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. मेळा गेला, पण सवय राहिली. आता कंपन्या स्वतःच्याच वाहिन्यांवर झलक दाखवतात आणि आम्ही तिचं वर्णन करतो.

सकाळी १०.४५

तिकिटं, बॅगांची तपासणी, मनगटावर पट्टा. आत पाऊल टाकताच भाचा थांबला आणि बोट दाखवून म्हणाला, “तिकडे जाऊ.” कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. उंच काहीतरी दिसलं, पाय तिकडे वळले.

हे आपोआप होत नाही. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा मुख्य रस्त्याच्या टोकाला किल्ला ठेवला होता तो याचसाठी: लांबून दिसावा आणि माणसाला ओढून न्यावा. २००० साली डॉन कार्सन या डिझायनरने गेम बनवणाऱ्यांसाठी एक लेख लिहिला. डिस्नेच्या बागा रचताना तो जे शिकला होता ते त्यात होतं: जागेनेच गोष्ट सांगावी; तुटलेल्या दारासारख्या खुणांतून आधी काय घडून गेलं ते पाहुण्याला कळावं. आजच्या कितीतरी गेम्समागे हा धडा आहे. २०१२ च्या जर्नी या गेममध्ये पहिल्या क्षणापासून दूरवर एक डोंगर दिसतो आणि पुढे काय करायचं हे कुणी सांगावं लागत नाही.

परीक्षणांत हे क्वचितच येतं. ‘ग्राफिक्स उत्तम’ असं येतं. म्हणजे भिंतीचा रंग छान, पण ती भिंत तिथे का आहे आणि तिच्यामुळे आपण डावीकडे का वळलो, ते नाही.

दुपारी १२

नायट्रो रोलरकोस्टर. भाच्याची उंची मापाच्या पट्टीला भरली नाही. तो रडवेला झाला, ताई त्याला दुसरीकडे घेऊन गेली. मी आणि भाची रांगेत.

रांग पाऊण तासाची. रांगेत उभं राहायला मला आवडतं, कारण राइड तिथूनच सुरू होते. डोक्यावरून गाडी जाते, आधी रुळांची घरघर, मग किंकाळ्या, मग काही क्षण शांतता. दर खेपेला रांगेतले सगळे वर बघतात. परत येणाऱ्यांचे चेहरे दिसतात. कुणी हसतंय, कुणी गप्प. भीती थोडी थोडी साठवून दिली जाते.

मग आपली पाळी. खांद्यावरून पट्टा खाली येतो, कर्मचारी प्रत्येकाचा ओढून बघतो, आणि पायाखालची जमीनच निघून जाते. हा बिनतळाचा कोस्टर आहे, पाय लोंबकळत राहतात. स्विस कंपनी बोलिगर अँड माबियार्डचा. पाच वेळा माणूस उलटा होतो. चढताना डावीकडे सह्याद्रीचे कडे दिसले. नंतर काही नीट दिसलं नाही.

उतरल्यावर भाची बोलत सुटली. तिचं बोलणं आठवेल तसं लिहून ठेवते: “मावशी, पहिला उतार भीतीचा नाहीच, भीतीची ती त्याच्याआधीची दोन सेकंदं. वर गेल्यावर गाडी जरा थांबल्यासारखी वाटते ना, ते मला नको होतं. आणि उलटं झाल्यावर वाटलं आता संपलं, तर लगेच परत. तिसऱ्या वेळेपासून मी मोजायचं सोडून दिलं. शेवट मात्र एकदम झाला, अजून एक वळण हवं होतं.”

हे परीक्षण आहे. पूर्ण आहे. गती कशी बदलते, अपेक्षा कुठे तयार होते, कुठे मोडते, शेवट कसा वाटला, सगळं त्यात आलं. उंची किती, वेग किती, तिकीट किती, यातलं काही तिने सांगितलं नाही, आणि ज्याने ऐकलं त्याला राइड कळली. चौदा वर्षांच्या मुलीला हे येतं, कारण ती बसून आली आणि तिला कुणी साच्यात बोलायला सांगितलेलं नव्हतं. गेमवर लिहिणाऱ्या तरुण मुलांच्या कॉप्या माझ्याकडे वाचायला येतात. त्यांनाही हे येत असतं. पण पहिल्या परिच्छेदात कंपनीचं नाव, दुसऱ्यात कथा, तिसऱ्यात ग्राफिक्स, चौथ्यात आवाज, शेवटी तारे, असा साचा त्यांच्या हाती दिला जातो आणि त्यांनी स्वतः पाहिलेलं सगळं बाहेर राहतं.

दुपारी १.४५

जेवण. छोले, भात, ताक. भाच्याने पिझ्झा.

पुन्हा फोन. दीडशे शब्द चालतील. पण आणखी एक: शहराच्या पानावर बातमी लागतेय, एका तरुणाने ऑनलाइन पत्त्यांत पैसे घालवले, कर्ज झालं. ‘गेमिंगच्या विळख्यात तरुणाई’ असं हेडिंग. त्यावर माझी चार वाक्यांची प्रतिक्रिया हवी, ‘गेमिंग तज्ज्ञ’ म्हणून.

इथे मी जरा जोरात बोलले. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. त्या तरुणाचं दुःख खरं आहे आणि ते छापलंच पाहिजे. पण पैसे लावून खेळलेला तो जुगार होता, आणि शब्दांची ही गल्लत आता कायद्यालाही मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात तीन वेगळे प्रकार केले आहेत: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम्स आणि मनी गेम्स. पहिल्या दोहोंना प्रोत्साहन, तिसऱ्यावर बंदी. त्याच्या जाहिराती आणि पैशांच्या व्यवहारांवरही बंदी. दिल्लीत जो फरक कलमांत लिहून झाला, तो आमच्या हेडिंगमध्ये अजून शिरत नाही.

कालपर्यंत हेच मनी गेम्स आमच्याच पानांवर जाहिराती देत होते, मोठमोठ्या चेहऱ्यांच्या. तेव्हा ते ‘कौशल्याचे खेळ’ होते. लोकांचे पैसे बुडाल्यावर ते ‘गेमिंग’ झाले. या फिरवाफिरवीत नुकसान कुणाचं होतं, तर खरे गेम बनवणाऱ्यांचं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक आणला. पहाडी लघुचित्रांच्या शैलीतली दृश्यं, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली कथा, निवेदनाला दुर्गा आणि विष्णू, आणि भावाला शोधत निघालेली एक लहान मुलगी. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेम्सच्या नामांकनांत तो होता. पुण्यातल्या किती घरांत हे ठाऊक आहे? आई-बापाने ‘गेमिंग’ हा शब्द पेपरात फक्त कर्ज आणि आत्महत्या यांच्याच शेजारी वाचला असेल, तर मुलगी ‘मला गेम डिझाइन शिकायचंय’ म्हणाल्यावर ते काय म्हणणार?

प्रतिक्रिया दिली. चारऐवजी दोनच वाक्यं: हा जुगार आहे, त्याला जुगार म्हणा. मदत हवी असलेल्या घरांना कुठे जायचं ते बातमीत छापा.

दुपारी ३.१५

अलीबाबा और चालीस चोर. ही राइड भाच्याची. गाडीत बसायचं, हातात बंदूक, अंधारातून जाताना चोरांवर नेम धरायचा, समोर आकडा वाढत जातो. म्हणजे हा चक्क चालता व्हिडिओ गेमच. भाच्याने बहिणीला हरवलं आणि नायट्रोचं दुःख तिथल्या तिथे संपलं.

बाहेर आल्यावर मी दोघांना विचारलं, गुहेत काय काय होतं? भाचीने पुष्कळ सांगितलं. भाच्याला त्याचा आकडा पाठ होता. आकड्यात वाईट काही नाही, तो खेळाचा भाग आहे. माझं दुखणं परीक्षणाच्या आकड्याचं आहे. मेटाक्रिटिक नावाची साइट निवडक प्रकाशनांतल्या परीक्षणांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा काढते. २०१० चा फॉलआउट: न्यू व्हेगस ऑब्सिडियन या स्टुडिओने बनवला, तिथे ८५ गुण मिळाले तर स्टुडिओला बोनस, असा करार होता. मिळाले ८४. ही गोष्ट स्टुडिओतल्याच एका प्रमुख लेखकाने २०१२ मध्ये उघड केली. कुण्या परीक्षकाने रात्री पान सुटताना घाईत चारऐवजी साडेतीन तारे टाकले असतील, तर तो अर्धा तारा कुणाच्या तरी घरापर्यंत पोचला असणार. माझ्या पानावरचे तारे तिथवर जात नाहीत. तरी ते टाकताना मला दर वेळी हे आठवतं.

दुपारी ४.३०

राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर. सगळे भिजले. भाच्याला सांगितलं की राजासॉरस हा डायनोसॉर बनवाबनवीचा नाही, गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं, नर्मदेवरून ‘नर्मदेन्सिस’. तो पुन्हा एकदा बसून आला, या खेपेला नीट बघायला.

संध्याकाळी ५.४५

बाकावर बसलो. भाची आजूबाजूला बघून म्हणाली, “इथे बाक बरोबर आहे. गोल फिरणाऱ्या राइडच्या बाहेर हवाच.” तिच्या गेममध्ये मळमळणारे पाहुणे राइडमधून बाहेर पडले की बाक शोधतात, तो नसेल तर रस्त्यावर ओकतात, आणि मग सफाई कामगार नेमावे लागतात. समोरच एक बाई लांब दांड्याची सुपली घेऊन कागद उचलत होती. सकाळपासून उभीच असावी. भाची तिच्याकडे बराच वेळ बघत होती. मग जाऊन आपल्या हातातला ग्लास डब्यात टाकून आली.

गेम बनवणारी माणसं बातमीत कशी येतात हेही इथेच सांगायला हवं, कारण आमच्या पेशात चांगलंही काम झालेलं आहे. २०१८ मध्ये रॉकस्टार या गेम कंपनीच्या एका संस्थापकाने आठवड्याला शंभर तास काम केल्याचं मुलाखतीत अभिमानाने सांगितलं, तेव्हा जेसन श्रायरसारख्या पत्रकारांनी तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांशी बोलून त्या तासांमागची माणसं पुढे आणली. ट्रेलरच्या वर्णनाला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ त्या एका वृत्तांताला लागला असणार. असा वेळ देणाऱ्या जागा मात्र कमी होत चालल्यात. १९९१ पासून निघणारं गेम इन्फॉर्मर हे मासिक ऑगस्ट २०२४ मध्ये एका दिवसात बंद झालं. साइटवरचे सगळे जुने लेख गेले, राहिलं फक्त निरोपाचं पत्र. पुढच्या वर्षी नवा मालक मिळून ते परत सुरू झालं, जुन्या लेखांसह. सुटकेचा निःश्वास टाकला मी. पण तेहतीस वर्षांचं लेखन एका कळीवर पुसलं जाऊ शकतं हे दिसलं ते दिसलंच.

आणि २००७ ची ती गोष्ट. गेमस्पॉट या साइटवर केन अँड लिंच या गेमच्या जाहिराती झळकत होत्या आणि संपादक जेफ गर्स्टमन याने त्याला दहापैकी सहा दिले. तो कामावरून गेला. त्या परीक्षणावरून आलेल्या दबावाचा त्यात वाटा होता, हे त्याला उघडपणे सांगता आलं २०१२ मध्ये. तरुणांना मी ही गोष्ट सांगते ती घाबरवायला नाही. जाहिरात आणि परीक्षण एकाच पानावर आले की वाचकाला संशय येणं साहजिक आहे. तो दूर करायचा तर आपले पत्ते उघडे ठेवूनच.

रात्री ८.१०

परतीचा घाट. ट्रकांच्या मागे. मुलं झोपली. ताई म्हणाली, “तू झोप, मी आहे.” मी वहीत लिहीत राहिले: धरणाचा प्रसंग, पाण्याचा आवाज, आणि तिसऱ्या भागातलं ते गाव, जिथे उगाचच ओझी वाहायची कामं दिली आहेत. ती कामं कंटाळवाणी आहेत की मुद्दाम कंटाळवाणी केली आहेत? घाट संपेपर्यंत ठरलं: मुद्दाम. कारण त्यानंतर गाव बुडतं, आणि त्या ओझ्यांतल्या वस्तू पाण्यावर तरंगताना दिसतात. हे परीक्षणात यायला हवं. पण बुडणं चौथ्या भागातलं, म्हणजे सांगायची बंदी. ओझ्यांबद्दल लिहीन, एवढंच म्हणेन की ती टाळू नका.

रात्री १०

लिहायला बसले. कथा दोन वाक्यांत उरकली. बाकी सगळा लेख चालण्यावर: हा गेम माणसाला कसा चालवतो, कुठे थांबवतो, कुठे खोटी घाई लावतो. लढाया मला आवडल्या नाहीत. का ते उदाहरणासह लिहिलं. सव्वाअकराला पाठवला.

रात्री ११.२०

फोन आलाच. “मॅडम, तारे राहिले.”

म्हटलं, राहिले नाहीत, दिलेले नाहीत.

“पण ती चौकट पानाच्या डिझाइनमध्येच आहे. रिकामी कशी सोडू?”

रिकामी सोडू नकोस. किती ओळी बसतात? चार, म्हणाला. मग लिहून घे: पीसीवर खेळून पाहिला, कन्सोलवर नाही. कोड प्रकाशकाने दिला. निम्म्याहून थोडा जास्त झाला, शेवट पाहिलेला नाही. चौथ्या भागापासून पुढे लिहायला प्रकाशकाची मनाई आहे.

तो जरा थांबला. मागे कुणाशी तरी बोलला. वरिष्ठांना विचारत असावा. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. मग चारही ओळी त्याने मला वाचून दाखवल्या, ‘प्रकाशका’तला काना सुटला होता तो घालून घेतला.

“सोडतो पान,” म्हणाला. “पुढच्या आठवड्यालाही असंच करायचं का?”

हो, म्हटलं, आणि गेम पूर्ण झाला की शेवटाबद्दल वेगळं लिहीन. त्याला जागा आत्ताच धरून ठेव.